राहून गेलेलं ‘रडले’

जानेवारीच्या मध्यावर तमिळ तै महिना लागला की पापनाशमच्या बसची खिडकी उघडी ठेवता येत नाही. सांबाची, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या भातपिकाची, कापणी चालू असते. यंत्र शेतात गोल गोल फिरतं, त्याच्या मागून भुशाचा पिवळा धूर उठतो आणि वारा तो थेट रस्त्यावर आणून सोडतो. मानेवर, पापण्यांवर, हातातल्या डब्याच्या झाकणावर तो बसतो. ऑफिसात पोचेपर्यंत मानेला खाज सुटलेली असते. पुढे कुठे कुठे रस्त्याची अर्धी बाजू वाळत घातलेल्या भातानं अडवलेली असते. बायका त्यात पाय घासत सावकाश चालतात, दाणे उलथतात, आणि बस अगदी जवळून गेली तरी मान वर करत नाहीत.

मी तंजावूरला राहते आणि पापनाशमच्या दस्तनोंदणी कार्यालयात नोकरी करते. हा रस्ता रोजचा आहे. बाकीचे महिने मी बसमध्ये डोळे मिटून बसते. तै महिन्यात मिटत नाही. डोळे मिटले की भुशाचा वास जास्त येतो, आणि त्या वासाबरोबर मला एक वर्ष आठवतं. मी आयुष्यात इतकी क्रूर आधी कधी झाले नव्हते. झाले तेव्हा बाहेर हेच चाललं होतं, हीच कापणी.

आमच्या घरी मराठी बोलतात, पण वाचत कुणी नाही. किती पिढ्यांपूर्वी आमची माणसं इकडे आली ते नीट सांगता येणारंही आता कुणी उरलं नाही. मी शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकले. मराठी होती ती स्वयंपाकघरात आणि भांडणात. अक्षरं मी शिकले तिशी उलटल्यावर, ओरत्तनाडूच्या अंबुजामामींकडून. त्या माझ्या आईच्या मैत्रीण. त्यांच्या वडिलांनी लहानपणी त्यांना पाटीवर देवनागरी गिरवायला लावली होती, आणि ती त्यांनी सोडली नाही. वर्षभर मी दर रविवारी बसनं ओरत्तनाडूला गेले. मामी जमिनीवर बसत, मांडीवर पाटी घेत आणि माझं बोट धरून ‘ळ’ काढून घेत. मला ‘ळ’ येत नसे. माझं वय, माझी नोकरी, डोळ्यांवरचा चष्मा, कशाचंही त्यांना हसू येत नसे. अक्षर जमलं की म्हणत, “बेस. आता तुज कॉफी.”

त्यांचे यजमान शामराव गावातल्या शाळेत शिकवत. शिक्षकाला इकडे वाद्यार म्हणतात. ते सगळ्या ओरत्तनाडूचे शामराव वाद्यार होते. मी जाऊ लागले तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. भिंतीवर त्यांचा फोटो होता, आणि त्यांच्या नावानं शाळेत दर वर्षी निबंधाचं बक्षीस देत. मामी ते बक्षीस घेणाऱ्या मुलांची नावं सांगत. सगळ्या वर्षांची, क्रमानं.

वाचता येऊ लागल्यावर मी इंटरनेटवर मराठी शोधू लागले आणि त्या जागेत जाऊन पोचले. तिला जागा म्हणायचं की नाही, कोण जाणे. ब्लॉकचेनवर चालणारं ते समाजमाध्यम होतं. सभासद देशभर आणि देशाबाहेर पसरलेले. आम्हा मराठीत लिहिणाऱ्यांचा त्यात एक लहानसा गट होता. त्या जागेला मालक नाही, हे तिथला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात चार वेळा तरी सांगे. तुम्ही लिहिलेलं एकाच वेळी जगभरच्या कितीतरी यंत्रांवर नोंदलं जातं, कुणी दाबू शकत नाही, सरकार नाही, कंपनी नाही. पुसूही शकत नाही. तुम्ही स्वतःसुद्धा नाही. नवी दुरुस्ती वर दिसते, पण खाली जुनं तसंच असतं, आणि ज्याला पाहायचं असेल त्याला ते दिसतं.

मला हे फार आवडलं. आमची भाषा दोन पिढ्यांत संपणार, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आणि इथे म्हणत होते की लिहिलेलं कधी संपणारच नाही.

पहिलं वर्ष मात्र वाईट गेलं. तिथे प्रत्येक लेखाला मतं मिळत. वरच्या मतानं लेख वर जाई, खालच्या मतानं खाली. फार खाली गेला की त्यावर राखाडी पट्टी येई आणि मजकूर घडी घातल्यासारखा झाकला जाई. मताला वजन असे. ज्याच्याजवळ तिथली आभासी नाणी जास्त, त्याचं मत जड. माणसं तिथे यायची ती नाण्यांसाठी, आणि अडकून पडायची ती मतांसाठी. माझ्याजवळ काहीच नव्हतं. मी आमच्या घरच्या मराठीत लिहिलं, ‘मज वाटतं’, ‘कोठ गेले होते’, ‘लोकर आले’, म्हणजे लवकर. खाली प्रतिक्रिया आल्या. ही कुठल्या शतकातली, असं कुणी विचारलं. लोकर म्हणजे मेंढी का, असं कुणी विचारलं. मी बसमध्ये बसून ते वाचायची आणि तंजावूर येईपर्यंत कुणाशी बोलायची नाही.

मग मी त्यांची मराठी शिकले. वर्षभर त्यांचे लेख वाचून ‘मज’चं ‘मला’ केलं, ‘कोठ’चं ‘कुठे’ केलं. हा लेख ज्या मराठीत लिहिते आहे, ती मी तिथे उचललेली आहे. माझ्या घरात ती कुणाची नाही.

गटाचा प्रमुख नाशिकचा होता. प्रमोददादा म्हणत त्याला सगळे. मी नेमकी आहे, कागदपत्रात डोळा बसलेला आहे, हे त्याच्या लक्षात आलं. चोरीचे लेख फार येत होते. इकडचं तिकडून उचलायचं, आपलं म्हणून टाकायचं आणि मतं गोळा करायची, असा तो धंदा. प्रमोददादानं आपल्या वजनातलं बरंच वजन मला वापरायला दिलं आणि तपासनीस केलं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी दस्तांच्या गठ्ठ्यांमागे बसून फोनवर लेख तपासू लागले. चोरी सापडली की खाली लाल अक्षरांत निकाल लिहायचा आणि जड मत खाली द्यायचं. माझ्या मागून बाकीचे देत. एका सुट्टीत, दहीभात संपायच्या आत, मी माणूस मिटवू शकत होते. मला ते करताना भूक छान लागायची. हे मी आज लिहिते आहे कारण ते खरं आहे.

मामींना तिथे मीच नेलं. त्यांना एवढं येतं आणि ते ओरत्तनाडूच्या एका खोलीत पडून आहे, असं मला खरंच वाटलं होतं. त्यांना फोनवर टंकायला शिकवलं. खात्याची गुप्त किल्ली म्हणजे इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची लांबलचक ओळ. मामींनी ती रांगोळी काढावी तशी एकेक अक्षर बघून वहीत उतरवली. कुणी प्रतिक्रिया दिली की फोन टण् वाजावा, अशी सोयही मीच करून दिली. तो वाजला की मामी पदराला हात पुसून धावत.

त्या रोज एक शब्द लिहीत. आमच्या घरातला एक शब्द आणि त्याच्याबरोबर चार-पाच ओळी. त्यांनी ‘मज’ लिहिलं, ‘कोठ’ लिहिलं, ‘लोकर’ लिहिलं. आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. अस्सल, म्हणाले. हीच खरी मराठी, आजी, तुम्ही लिहीत राहा. मला मेंढीबद्दल विचारणारा सभासद आता रोज सकाळी मामींच्या शब्दाची वाट बघे. प्रमोददादानं एकदा सगळ्यांसमोर लिहिलं की तंजावूरची मराठी वाचायची तर अंबुजाबाईंची वाचावी. इतरांची आता आपल्यासारखीच झाली आहे.

इतर म्हणजे मी. तिथे तंजावूरची तिसरी कुणी नव्हती.

मी मामींना फोन करून आनंद झाल्याचं सांगितलं. त्या रविवारी मला ताप आहे असं कळवलं आणि ओरत्तनाडूला गेले नाही. पुढच्या रविवारीही काहीतरी कारण काढलं. तिसऱ्या रविवारी कारण सांगायचंही राहिलं.

त्या वर्षी तै महिना लागायच्या तोंडावर मामींनी रोजचा शब्द सोडून पहिल्यांदा मोठा लेख लिहिला. त्यांच्या वडिलांच्या खळ्यावरची कापणी. एक लहान मूल पेंढ्यांच्या राशीवर बसून झोडपणी बघतं, भुशानं डोळे सुजतात, आणि कामावरच्या एका म्हाताऱ्या बाईला मुकादम पेंढी चोरली म्हणून सगळ्यांसमोर उभं करतो. मूल रडतं. वडील काही बोलत नाहीत. लेख तिथेच संपतो. मी तो पापनाशमच्या बसमध्ये वाचला. त्या गटात तोवर लिहिलं गेलेलं काहीही त्याच्या जवळपास येत नव्हतं. माझं तर नाहीच नाही. मला हे पहिल्या वाचनातच कळलं.

चार दिवसांनी कोल्हापूरच्या एका सभासदानं मला एक फाईल पाठवली. जुन्या स्मरणिका जमवायचा त्याला नाद होता. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्याकडच्या मराठी लोकांचा एक मेळावा झाला होता. त्या मेळाव्याच्या स्मरणिकेचं ते पान होतं. लेख तोच, शब्दाला शब्द. वर लेखकाचं नाव शामराव. फरक एकच होता. छापलेल्या लेखात ‘मी’ मुलगा होता. मी बसलो, मी पाहिलं, मी धावत गेलो. मामींच्या लेखात ‘मी’ मुलगी होती. तपासनीसाच्या भाषेत याचा अर्थ सरळ होता. नवऱ्याचा लेख उचलला आणि चोरी झाकायला क्रियापदं बदलली.

मी ते पान मोठं करून पुन्हा वाचलं. शेवटून तिसऱ्या ओळीत छापलं होतं, ‘मी रडले’.

रडले. बाकी लेखभर बसलो, गेलो, राहिलो, आणि एका ठिकाणी रडले. मी नोंदणी कार्यालयात आहे. एका दस्तावरून दुसरा उतरवताना काय राहून जातं, ते मला पाठ आहे. ज्यानं कुणी त्या लेखातल्या मुलीचा मुलगा केला, त्याच्या नजरेतून ते एक क्रियापद सुटलं होतं. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे त्या एका शब्दात लख्ख दिसत होतं. मला दिसलं. छपाईची चूक, असं मी स्वतःला सांगितलं, आणि सांगताना ते खोटं आहे हेही मला ठाऊक होतं. ओरत्तनाडू काही परदेशात नव्हतं. एक फोन केला असता तर कळलं असतं. कळू नये म्हणूनच मी तो केला नाही.

पोंगलची सुट्टी संपून ऑफिस उघडलं त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी निकाल लिहिला. दोन्ही लेख शेजारी शेजारी ठेवले. बदललेली क्रियापदं एकेक करून लाल केली. ‘रडले’ असलेली ओळ कापून टाकली. खाली लिहिलं: चोरी सिद्ध. मग माझ्याजवळचं सगळं जड मत खाली दिलं.

पुढचं माझ्या हातात नव्हतं असं म्हणता येईल, पण ते मला हवं तसंच झालं. ज्यांनी आजी आजी केलं होतं ते जास्त चिडले. फसवलं गेल्याचा राग होता त्यांना. त्यांनी मामींचे मागचे सगळे शब्द शोधून एकेकाला खाली ओढलं. शब्दाशब्दावर राखाडी पट्ट्या आल्या. कुणी त्यांना तंजावूरची झेरॉक्स म्हणालं. कुणी त्यांच्याच धर्तीवर लिहिलं, ‘आजचा शब्द: ढापणे’, आणि खाली त्यांच्या बोलीची नक्कल करून चार ओळी. नक्कल चांगली होती. मी हसले. त्या ओळींना मी वरचं मत दिलं. त्या जागेत माझ्या नावावर जे कायमचं नोंदलेलं आहे, त्यात ते मतही आहे.

आणि हे सगळं चालू असताना ओरत्तनाडूला फोन टण् टण् वाजत असणार. तो बंद कसा करायचा, हे मी मामींना शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी परतीच्या बसमध्ये होते.

“बाळ, ते तू लिहिलीस?” मामींनी विचारलं.

मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखे असतात.

मामी हळूच म्हणाल्या, “ते माझंच होतं. मीच लिहून दिलेलं. तेव्हा बाईचं नाव कोण घालणार? त्यांचं घातलं. त्यांनीच मुलाचं केलं सगळं.”

“मग तसं तिथे लिहा, मामी. सगळे वाचतील.”

“आणि त्यांना चोर म्हणू? आता, ते गेल्यावर?”

मी बसच्या खिडकीबाहेर बघत होते. भुशाच्या धुरात एक यंत्र वळत होतं.

“पुरावा नसेल तर मला काही करता येणार नाही,” मी म्हटलं.

पुरावा माझ्याच फोनमध्ये होता. मीच तो कापला होता. मामींनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी दोन पारड्यांत दोन नावं घालून बघितली आणि स्वतःचं उचलून टाकून दिलं. त्यांना त्याची सवय असावी. चाळीस वर्षांपूर्वी एकदा टाकलंच होतं.

त्यांनी बचावाचं एक अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा रोजचा शब्द टाकला. पाच मिनिटांत त्यावर पट्टी आली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही टाकला. चौथा शब्द होता ‘सोपा’. आमच्या घरात ओसरीला सोपा म्हणतात. खाली कुणीतरी लिहिलं, चोरणं सोपं असतं, आजी. पाचव्या दिवशी शब्द आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही.

तिथे दिलेलं मत आठवडाभर बदलता येई, मग ते गोठे. त्या आठवड्यातला प्रत्येक दिवस मला आठवतो. सातव्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत फोन काढला, तो निकाल उघडला, खाली माझी स्तुती करणाऱ्या तीन नव्या प्रतिक्रिया होत्या. त्या वाचल्या आणि फोन पिशवीत ठेवला.

पुढची दोन वर्षं सांगण्यासारखी नाहीत. नाण्यांची किंमत उतरली, माणसं पांगली. प्रमोददादाचं दुसऱ्या एका मोठ्या सभासदाशी भांडण झालं, अर्धा गट एकीकडे गेला, अर्धा दुसरीकडे, आणि दोन्हीकडे थोड्याच दिवसांत कुणी उरलं नाही. मला दिलेलं वजन प्रमोददादानं न सांगता काढून घेतलं. एके दिवशी मी कुणाला तरी खाली मत दिलं आणि काहीच हललं नाही. तेव्हा मला कळलं की माझं स्वतःचं वजन जवळजवळ शून्य होतं, सगळा काळ. ज्यांच्यासाठी मी माझी मराठी सोडली, ज्यांच्यासाठी मामींना सोडलं, त्यातल्या एकाचाही चेहरा मी पाहिलेला नव्हता, आणि आता नावंही विसरत चालले होते.

मामींना माझ्याबद्दल काय वाटत होतं ते मला ठाऊक नव्हतं. आईबरोबर एका लग्नात भेटल्या तेव्हा त्यांनी माझी खुशाली विचारली, माझ्या पानावर डांगर पचडी वाढायला सांगितली. दोन वर्षांनी, पुन्हा तै महिन्यातच, मी धीर करून ओरत्तनाडूला गेले. बस छत्रमच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेच्या, पुढे थांबते, तिथून चालत पाच मिनिटं. मामी अंगणात उडीद निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. मत्सर सांगितला, ‘रडले’ सांगितलं, कापलेली ओळ सांगितली. त्या निवडत राहिल्या. ऐकताना एक-दोन खडे त्यांच्या हातून सुटले, ते त्यांनी परत शोधून काढले.

मग मी म्हटलं की मी तिथे दुरुस्ती लिहिते. लेख तुमचा होता हे सिद्ध करून दाखवते.

“नको,” मामी म्हणाल्या. “मज आता काय त्याचं? त्यांच्या नावानं पोरं निबंध लिहितात. ते राहू दे. माणूस वाईट नव्हते ते. तेव्हा अस्कं सगळं असंच होतं. तू लिहू नकोस, बाळ.”

त्यांनी हात पुढे केला. त्यावर हात ठेवून मी लिहिणार नाही म्हटलं. त्यांच्या तळव्याला उडदाची पूड लागली होती. मग त्यांनी कॉफी केली. मला माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. पण बसस्टॉपपर्यंत सोडायला आल्या आणि बस हलेपर्यंत उभ्या राहिल्या.

तिथे थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

तीन आठवडे मी थांबले. पण मनात दुरुस्तीची वाक्यं जुळत होती. बसमध्ये जुळत, दस्त उतरवताना जुळत. इतकं चांगलं मला कधी सुचलं नव्हतं. एका बाईचा लेख, नवऱ्यानं लावलेलं नाव, बदललेली क्रियापदं आणि राहून गेलेलं एक ‘रडले’. मी स्वतःला सांगितलं की हा न्याय आहे. मामी भिडस्त आहेत, त्यांच्या पिढीला मागता येत नाही, म्हणून त्या नको म्हणाल्या. तसंही तिथे आता कोण वाचतं. हे सगळं मी स्वतःला समजावून दिलं, आणि लिहिलं. चार वेळा वाक्यं घासली. शेवटचं वाक्य तीनदा बदललं. पश्चात्ताप करणारं माणूस शेवटचं वाक्य तीनदा बदलत नाही, हे मला फार नंतर सुचलं. मग पाठवलं.

तिथे खरंच कुणी वाचलं नाही. एकही मत पडलं नाही. माझा जुना निकाल अजून वर होता, त्याच्यामागे पन्नास-साठ माणसांचं गोठलेलं वजन होतं, आणि माझी दुरुस्ती तळाशी. मामींचं नाव शोधलं तर आजही आधी चोरी दिसते. पण दोन महिन्यांनी कुणाच्या तरी नजरेला ती पडली. त्यानं दुवा उचलून आमच्याकडच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॅप गटात टाकला. बहुतेकांना देवनागरी येत नाही, तर एकानं सगळ्यांच्या सोयीसाठी तमिळमध्ये सारांश लिहिला: शामराव वाद्यार यांनी बायकोचा लेख स्वतःच्या नावावर छापला. दुपारपर्यंत ओरत्तनाडूला पोचलं.

मामींचा मुलगा बालाजी त्रिचीला बँकेत आहे. त्याला मराठी समजते, बोलता फारशी येत नाही. त्यानं मला ऑफिसात फोन केला आणि तमिळमध्ये म्हणाला की ते काढून टाका. मी म्हटलं, काढता येत नाही. स्वतः लिहिलेलं स्वतःला कसं काढता येत नाही, असं त्यानं विचारलं. मी त्याला समजावून सांगितलं. साखळी काय असते, नोंद किती यंत्रांवर असते, मालक का नसतो. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाला, “पुसता येत नाही हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?”

मी हो म्हटलं. त्यानं फोन ठेवला.

त्या वर्षी शाळेत निबंधाचं बक्षीस दिलं गेलं नाही. शाळेनं बंद केलं नव्हतं. मामींनीच चिठ्ठी पाठवून नको म्हणून कळवलं, असं आईकडून समजलं. भिंतीवरचा फोटो होता तिथेच आहे, एवढंही आई म्हणाली. मी तिला आणखी विचारलं नाही.

मी अजून कधीतरी त्या जागेत जाते. कुठली तरी यंत्रं अजून ती चालवतात. आमचा गट ओस आहे. शेवटचा लेख माझी दुरुस्ती, आणि त्याच्या नंतर कुणाचंही काही नाही. पूर्वी आम्ही म्हणायचो, इथे लिहिलेलं कधी मरत नाही. ते खरं निघालं. मामींचे शब्द पट्ट्यांखाली आहेत, माझं हसून दिलेलं मत आहे, निकाल आहे, मामींना देऊन मोडलेला माझा शब्द आहे. सगळं धडधाकट आहे. कधी कधी मी पट्टीवर बोट ठेवते, ती घडी उघडते, आणि आतून ‘सोपा’ निघतो. त्याखालची प्रतिक्रियाही.

या वर्षी कापणी उशिरा सुरू झाली. मागच्या आठवड्यात मंगळवारी मामी आमच्या कार्यालयात आल्या. पापनाशमजवळ त्यांच्या माहेरची थोडी जमीन आहे, ती बालाजीच्या नावावर करायची होती. त्यांच्या वडिलांच्या जमिनीपैकीच ही असणार, त्याच खळ्याच्या आसपासची. मी विचारलं नाही. बाकावर बसलेल्या असताना मी त्यांना बघितलं. बऱ्याच वाळल्या होत्या. केसांत भुशाचे दोन-तीन तुकडे अडकले होते. माझ्या टेबलापाशी आलेल्या माणसाचा फोटो काढणं आणि यंत्रावर अंगठा घेणं हे माझं काम, त्यामुळे त्यांना माझ्यासमोर येऊन बसावंच लागलं.

बालाजीनं माझ्याकडे न बघता कागद पुढे केले. मामींनी कॅमेऱ्याकडे बघितलं, मी फोटो काढला. मग त्यांनी काचेवर अंगठा ठेवला. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे घासलेले असतात, यंत्राला रेषा सापडत नाहीत. दोनदा लाल दिवा लागला.

मी मराठीत म्हटलं, “मामी, अंगठा पदराला पुसा आणि पुन्हा ठेवा.”

बाकीचे लोक तमिळ बोलत होते, पंखा वाजत होता, पण माझं बोलणं स्पष्ट होतं. मामी माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. कार्यालयात आलेली बाई अनोळखी कारकुनाकडे बघते, तशा बघत होत्या. मग त्या मुलाकडे वळल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, “इवंग एन्न सोल्रांग?”

ह्या काय म्हणतात.

बालाजी गोंधळला. आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्यानं खाली वाकून माझं मराठी वाक्य आपल्या आईला तमिळमध्ये समजावून सांगितलं, शब्द शोधत, एकेक करून. मामींनी मान हलवली. अंगठा पदराला पुसला आणि काचेवर ठेवला. या वेळी यंत्रानं तो घेतला.